दोन पैठण्यांचा एक्स-रे

माझं दिवसभराचं बोलणं चार वाक्यांचं आहे. खोल श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा. जालना रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात, तळमजल्याला लिफ्टच्या मागं माझी एक्स-रेची खोली आहे, आणि या चार वाक्यांवर माझा संसार चालला, मुलगी शिकली, तिचं लग्नही झालं. घरीही मी याहून फार बोलत नाही. बायको म्हणते, "तुमचं बरं आहे. दुसऱ्याला श्वास धरायला लावायचा आणि आपण भिंतीमागं जाऊन उभं राहायचं." आधी ती हे गमतीनं म्हणायची.

आता जे सांगणार आहे ते साडीबद्दल आहे. दोन साड्यांबद्दल. त्याआधी धंद्यातली थोडी माहिती दिली पाहिजे, नाही तर मी काय केलं ते नीट कळणार नाही, आणि ते नीट कळू नये अशीच माझी इतकी वर्षं इच्छा होती.

लोकांची अशी समजूत असते की एक्स-रे सगळ्यातून आरपार जातो. तसा तो गेला असता तर माझी प्लेट दर वेळी काळीकुट्ट निघाली असती आणि मला कुणी पगार दिला नसता. हे सगळं काम अडण्यावर चालतं. वाटेत जे येईल ते किरणांतला थोडा वाटा गिळून टाकतं. फुप्फुसातली हवा जवळजवळ काहीच गिळत नाही, म्हणून ती काळी. मांस थोडं गिळतं, ते राखाडी. हाडात कॅल्शियम, ते बरंच गिळतं, म्हणून हाड पांढरं. आणि चांदी, सोनं, शिसं ही मंडळी इतकी खादाड की पलीकडं फारसं काही पोचूच देत नाहीत. ज्याचा अणू जड, त्याची भूक मोठी. प्लेटवर जे पांढरं दिसतं ती खरं म्हणजे किरण न पोचल्याची जागा असते.

छातीच्या एक्स-रेला आलेल्या बायका मंगळसूत्र काढायला तयार नसतात. ते पाठीवर टाकतात आणि म्हणतात, "मागं केलं की." आता पुढं काय अन् मागं काय, किरणांना दोन्हींतून जावं लागतं. पाठीवरचे मणी फुप्फुसावर येऊन बसतात आणि डॉक्टर मला वर बोलावून घेतात. काही जणी मंगळसूत्र दातात धरतात. ते चालतं. एवढी तडजोड मी मान्य केलेली आहे.

आई शेवटची काही वर्षं फुलंब्रीला होती, मोठ्या भावाकडं. कमरेखालचं अंग गेलेलं. तिला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, सगळं वहिनींनी केलं. मी दर रविवारी मोसंब्या घेऊन जायचो, कॉटशेजारी बसायचो आणि तिच्या मणक्याची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून गंभीर चेहरा करायचो. ही माझी सेवा. निघताना वहिनी डब्यात काहीतरी भरून द्यायच्या, म्हणजे मोसंब्यांचीही फिट्टंफाट व्हायची.

जायच्या आधी आईनं दोन्ही सुनांना एकेक पैठणी दिली. दोन्ही डाळिंबी, दोन्हींचा काठ हिरवा, दोन्हींच्या पदरावर मोर. भांडण नको म्हणून अगदी सारख्या. "दोन्ही एकाच मागावरच्या हायत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "एकाच मागावरच्या हायत बरं का." आई आयुष्यात फारसं खोटं बोलली नव्हती, त्यामुळं तिला सराव नव्हता. माझ्या बायकोनं तेवढं बरोबर टिपलं.

"एक खरी आहे, एक खोटी," परतीच्या वाटेवर मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून ती म्हणाली. "आणि खोटी कुणाच्या मांडीवर आहे ते सांगायला ज्योतिषी नको."

"कशावरून?"

"त्या दोनदा म्हणाल्या."

खऱ्या पैठणीची जरी म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. खोट्या जरीत चकचकीत प्लास्टिकची पट्टी असते. जाणकार बाई पदर चिमटीत धरून फरक सांगते म्हणतात. आमच्या घरात तशी चिमूट कुणाचीच नव्हती, म्हणून संशय तेवढा राहिला. आई गेल्यावरही तो राहिला. दिवाळीला फुलंब्रीला गेलो की बायको वहिनींच्या पदराकडं बघायची, आपल्याकडं बघायची आणि जेवताना गप्प बसायची.

मग एकदा वहिनींनी आपली पैठणी फॉल बदलायला आमच्याकडं पाठवली. फुलंब्रीत नीट फॉल लावणारी कुणी नाही, तुम्हीच शहरात लावून आणा, असा निरोप. बायकोनं आपलीही सोबत दिली. नव्या फॉलसह दोन्ही साड्या एकाच दिवशी घरी आल्या, आमची उशीच्या जुन्या अभ्र्यात, वहिनींची मलमलच्या पिशवीत, लवंगा घातलेली. बायकोनं दोन्ही माझ्यापुढं ठेवल्या.

"दुसऱ्यांच्या हाडांत बघता. घरातल्या साडीत बघा एकदा."

"ते बघून काय करणार?"

"काही नाही. कळेल."

रविवारी दुपारी आमच्या खात्यात फक्त अपघाताच्या केसेस येतात, आणि त्या दिवशी तेवढीही गर्दी नव्हती. मी दार लावलं. मशीन नाव, वय विचारल्याशिवाय काम करत नाही. मी आईचं नाव टाकलं. वयाला अडलो, मग तेही तिचंच टाकलं. शरीराचा भाग विचारल्यावर 'हाताचा पंजा' निवडलं. त्यामागं विचार होता. किरणांचा जोर फार वाढवला तर चांदीसुद्धा बरीच वाट देते आणि फरक पुसट होतो. फरक बघायचा असेल तर हलक्या हातानं जावं लागतं, आणि पंजाला आम्ही सगळ्यात कमी जोर लावतो.

आधी आमची. पदराचा एकच थर प्लेटवर पसरला. स्क्रीनवर जवळजवळ काहीच आलं नाही. मोर नाहीत, काठ नाही, साडीच नाही. काळ्या पडद्यावर फक्त एक टाचणी लखलखीत पांढरी, फॉलवालीनं विसरलेली.

मग वहिनींची. रेशीम गायब झालं आणि मोर राहिले. पिसारा, तुरा, चोच, काठावरची नक्षी, सगळं पांढरं, स्वच्छ, हाडांसारखं. मी आयुष्यात इतका चांगला एक्स-रे काढला नव्हता.

म्हणजे आईनं हिशेब बरोबर केला होता. जिनं तिला कुशीवर वळवलं तिला चांदी, जो फिल्म उजेडात धरायचा त्याच्या घरी प्लास्टिक. यात अन्याय शोधायला गेलो तरी सापडेना, आणि त्याचाच मला राग आला. मी धाकटा. लहानपणापासून ऐकत आलो होतो की आईचा जीव माझ्यावर. तो जीव किती जाडीचा होता ते आता स्क्रीनवर दिसत होतं.

साड्यांच्या घड्या घातल्या. मलमलच्या पिशवीत एक ठेवली, अभ्र्यात एक ठेवली. इथं मला लिहावंसं वाटतं की गडबडीत अदलाबदल झाली. मी मनातल्या मनात बरीच वर्षं तसंच म्हणत आलो. पण मी टाचणी आधी काढून ठेवली. गडबडीतला माणूस टाचणी शोधून काढत नाही.

घरी येऊन बायकोला मोरांची फिल्म दाखवली. "ही आपली," म्हणालो. "खरी आहे."

"आणि वहिनींची?"

साडी बदलायची आणि वर वहिनींची खोटी म्हणून सांगायची, एकाच दिवसात एवढी दोन कामं करायची तयारी नव्हती. "तीही खरी," म्हणालो. "दोन्ही खऱ्या. आई म्हणाली तसंच."

बायको पलंगावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी उगाच त्यांना बोल लावला हो," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं आईच्या फोटोला हार घातला. साडी नेसून बघितली आणि म्हणाली, "फॉल किती छान लावलाय. बघा ना, कशी वजनदार पडते."

त्यानंतर आमच्या घरात जी शांतता नांदली ती एखाद्या सरळ माणसाच्याही घरात नसेल. बायको दिवाळीला वहिनींसाठी चकल्या न्यायला लागली. दोघी मिळून वेरूळला दर्शनाला जाऊन आल्या, दोघी डाळिंबी पैठणीत, आणि परत येऊन मला मोबाइलवर फोटो दाखवला. जुळ्या बहिणींसारख्या उभ्या होत्या. मी फोटो मोठा करून वहिनींच्या पदरावरचे मोर बघितले. फोटोत ते झकास चमकत होते. साध्या उजेडाला काही कळत नाही.

शिशाचा एक पातळ थर साधारण निम्मे किरण खातो. तेवढाच दुसरा थर उरलेल्यातले निम्मे, तिसरा त्यातले निम्मे. असं करत गेलं तर शून्य कधीच येत नाही, पण इतकं कमी उरतं की मोजणारं यंत्र गप्प बसतं. वर्षांचंही असंच असेल, असं धरून मी चाललो होतो.

मग मुलीचं लग्न ठरलं. आठवडाभर आधी वहिनी आल्या. चहा घेतला, घाम पुसला आणि मलमलची पिशवी मुलीच्या मांडीवर ठेवली.

"ही तुला. सासूबाईंनी मला दिल्याली."

बायको म्हणाली, "अहो, काय हे. तुमच्या सुनेला ठेवा की."

"सून येईल तवा येईल. ती काय जीनवर पैठणी नेसणार हाय व्हय? माझ्या पोटी लेक नाय, ही माझीच लेक. हिच्या अंगावर बघायचीय मला."

बायको उठून त्यांच्या पाया पडली. मुलगी रडली. मला खोकला आला, मी पाणी प्यायला आत गेलो. स्वयंपाकघरात उभं राहून मला एवढंच सुचलं की मी काही केलं नसतं तरी ती चांदी आमच्याच घरी येणार होती. रिक्षा करून, घाम पुसत, आपल्या पायांनी.

हळदीच्या आदल्या दिवशी माझी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. हिच्याकडं ती चिमूट होती. रुखवत मांडता मांडता तिनं मुलीच्या पैठणीचा पदर बोटांत धरला, सोडला, पुन्हा धरला.

"ताई, काडेपेटी आण."

"कशाला गं?"

"आण तर."

पदराच्या टोकाचा एक जरीचा धागा तिनं ओढून काढला आणि पेटत्या काडीजवळ नेला. धागा आक्रसला, त्याची टाचणीच्या डोक्याएवढी काळी गोळी झाली. "प्लास्टिक," मेहुणी म्हणाली. "खरी असती तर तार राहिली असती. विहीणबाई लग्नात पदराला हात लावणार, सांगून ठेवते. त्यांचं माहेर पैठणचं आहे."

बायको त्या गोळीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"तुम्ही दोन्हींचा एक्स-रे काढला होता."

"हो."

"दोन्ही खऱ्या होत्या."

माझं न बोलणं घरात सगळ्यांना होकारच वाटतं.

"मग खरी कुठं गेली?" मेहुणीनं विचारलं, आणि उत्तरही तिनंच दिलं. "खरी ठेवली कपाटात आणि तसलीच दुसरी आणून पोरीच्या अंगावर टाकली. वर डोळ्यांतून पाणी."

"वहिनी असं करायच्या नाहीत," बायको म्हणाली. पण ती एक्स-रेवाल्याची बायको होती. "हे नेहमी म्हणतात, एक्स-रे खोटं बोलत नाही. त्या दिवशी खरी होती, आज खोटी आहे. मधे साडी कुणाच्या घरात होती?" तिचा आवाज बारीक झाला. "उद्या हळदीला येतील ना, तेव्हा सगळ्यांसमोर परत करते. काही बोलणार नाही. नुसती परत करते."

नुसती परत केलेली साडी काय काय बोलते ते मला माहीत होतं. भाऊ असणार, भावाचा मुलगा असणार, फुलंब्रीचे सगळे असणार. वहिनी पदर हातात घेऊन उभ्या राहणार आणि त्यांना कळणारही नाही की आपल्याकडून काय चोरलं गेलं.

"जरा गच्चीत ये," मी बायकोला म्हणालो.

गच्चीत मांडवाचे बांबू पडले होते. मी सगळं सांगितलं. टाचणीसकट सांगितलं. इतकी वाक्यं मी लग्नानंतर एका दमात बोललो नव्हतो. बायको बांबूंवर बसली.

"म्हणजे मी वेरूळला त्यांच्याच साडीत त्यांच्या शेजारी उभी होते."

"हो."

"आणि त्या मला म्हणाल्या होत्या, तुला किती शोभते."

"मला वाटलं, घरात वाद नको."

"वाद नको," ती म्हणाली. "तुम्हाला आईंचा राग आला होता. माझं नाव पुढं करू नका." मग खाली रस्त्याकडं बघत म्हणाली, "मी म्हणाले होते ना, खोटी आपलीच आहे म्हणून."

"म्हणाली होतीस."

"मग तेव्हाच सांगायचं. माझंच खरं निघालं असतं. मी एवढी वर्षं हरले ते तुमच्यामुळं."

खाली उतरल्यावर तिनं कपाटातली पैठणी काढून मुलीच्या बॅगेत ठेवली आणि प्लास्टिकची तिच्या जागी. मेहुणीला म्हणाली, "खोटी माझीच होती, मला वाईट वाटू नये म्हणून हे बोलले नव्हते. यांनी कपाटात अदलाबदल केली. साड्या सारख्या, यांना काय कळतंय." मेहुणीला हे लगेच पटलं. पुरुषांना साड्यांतलं कळत नाही यावर आमच्या दोन्ही कुळांत एकमत आहे. मला एकट्याला गाठून बायको म्हणाली, "आता मी जन्मभर प्लास्टिक नेसणार, आणि तुम्ही बघणार. आणि वहिनींना तुम्ही सांगायचं. मी नाही."

लग्नात विहीणबाईंनी नवरीचा पदर चिमटीत धरला आणि मान हलवली. वहिनींनी ते लांबून बघितलं आणि शेजारणीला सांगितलं, "आमच्या सासूबाईंची हाय." बायको धागा ओढलेल्या टोकाची घडी आत दाबून दिवसभर वावरली. वहिनी तिलाही म्हणाल्या, "तुझी अजून नव्यासारखी हाय गं." बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी अक्षता शोधत होतो.

सांगायचं मग राहत गेलं. आधी मांडव उतरवायचा होता, मग मुलीचे पहिले सणवार, मग भावाची बदली, मग उन्हाळा. घरात बायको दर सणाला ती पैठणी नेसायची आणि चहा देताना पदर मुद्दाम माझ्या हातावरून न्यायची.

यंदा वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे लागतो. भावानं त्यांना माझ्या खोलीच्या दारात सोडलं आणि तो औषधांच्या रांगेत गेला.

"कसं उभं राहू, भावजी?"

"तोंड प्लेटकडं करा. हनुवटी वर ठेवा. हात कमरेवर, कोपरं पुढं. मंगळसूत्र—"

"काढत नसते मी."

"दातात धरा मग."

त्यांनी धरलं. पाठ माझ्याकडं, हनुवटी वर, तोंड बंद. मी शिशाच्या पडद्यामागं गेलो. त्याला छोटी काच असते, तीही शिशाची. त्या काचेतून वहिनींची पाठ दिसत होती. आईला उचलून उचलून एका अंगाला कललेली.

"खोल श्वास घ्या," मी म्हणालो. "धरून ठेवा. हलू नका."

आणि बटणावर बोट ठेवून मी बोलायला लागलो. माणसाची पाठ आपल्याकडं आहे, तोंडात मंगळसूत्र आहे, मधे शिसं आहे, याहून सुरक्षित जागा मला मिळणार नव्हती. साडी तुमची खरी होती, म्हणालो. आईनं तुम्हाला मुद्दाम खरी दिली होती. मी बदलली. इथंच, याच खोलीत. तुम्ही इतकी वर्षं आमची नेसलात. लग्नात मुलीच्या अंगावर होती ती तुमचीच, ती जागेवर लागली. पण ते आम्ही गुपचूप केलं. चुकून झालं नव्हतं. मला आईचा राग आला होता आणि काढला तुमच्यावर.

मग माझं संपलं. वहिनींची पाठ हलली नाही.

"सोडा," मी म्हणालो.

त्यांनी दातातलं मंगळसूत्र काढलं. वळल्या नाहीत.

"श्वास मघाच सोडला मी, भावजी. तुमचं सरंना."

मी काचेमागंच थांबलो.

"मला हलकी लागायची ती," प्लेटकडं तोंड करूनच त्या म्हणाल्या. "फॉल बदलून आल्यापासून. मला वाटलं, माझंच अंग वाढलं, म्हणून साडी कमी वाटती. तुमच्या भावाला म्हणलं बी मी तसं. लई हसले ते."

"वहिनी..."

"फुलंब्रीत किती लग्नांत मिरवली म्हणता. कुणीतरी वळखलं असंल. तोंडावर कोण बोलतंय." त्यांनी हात कमरेवरून खाली घेतले. "सासूबाईंनी खरंच मला खरी दिल्याली?"

"हो. एक्स-रे आहे माझ्याकडं."

"मला कवा बोलल्या नाय त्या तसं. गेल्या तरी बोलल्या नाय. मी म्हणायची, एवढं केलं, एक शब्द नाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही सांगाय पायजे होतं, भावजी. साडीचं जाऊ द्या. हे सांगाय पायजे होतं."

मी साडी चोरली असं इतकी वर्षं समजत होतो. आईचा तो एकच शब्द वहिनींपर्यंत पोचायचा होता, आणि मधे मी उभा होतो.

मग त्यांनी विचारलं, "निघाला का फोटो?"

मी स्क्रीन बघितला. तो रिकामा होता. बटणावर बोट होतं, पण बटण दाबलंच गेलं नव्हतं.

"नाही. पुन्हा काढावा लागेल."

वहिनींनी हनुवटी वर केली, कोपरं पुढं घेतली. मंगळसूत्र तोंडात धरायच्या आधी म्हणाल्या, "काढा मग. आन् या बारीला मधी बोलू नका."